काडतुसाची मान आणि पितळातील ताण

जबलपूर येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. अशा कामात धातूचा स्वभाव ओळखावा लागतो. बंदुकीच्या काडतुसाची मान हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

काडतुसाचे नळकांडे ज्या पितळाचे करतात, त्यात सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. बार उडताच वायूच्या दाबाने नळकांड्याची मान फुगते आणि गोळीला सैल होते. तेच नळकांडे पुन्हा वापरायचे झाल्यास मान आवळावी लागते. त्यासाठी साच्यात पोलादी कडे, म्हणजे बुश, बसवितात. नळकांडे साच्यात दाबले की कड्याच्या आतील व्यासाइतकी मान लहान होते.

कडे किती मापाचे घ्यावे, याचा हिशेब सोपा आहे. समजा, गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर व मानेच्या पत्र्याची जाडी ०.३६ मिलिमीटर आहे. पत्रा दोन्ही बाजूंस असल्याने भरलेल्या काडतुसाच्या मानेचा व्यास ७.८२ अधिक ०.७२, म्हणजे ८.५४ मिलिमीटर भरेल. कडे त्याहून सुमारे ०.०५ मिलिमीटरने लहान घेतात, म्हणजे ८.४९ मिलिमीटर. पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. म्हणून अनेक काडतुसे सूक्ष्ममापकाने मोजणे इष्ट.

येथे एक अडचण उद्भवते. पितळ थंड स्थितीत वारंवार दाबले की कठीण होते. कठीण पितळ कड्याबाहेर पडताच थोडे मागे उसळते आणि मान अपेक्षेपेक्षा सैल राहते. तेव्हा आणखी लहान कडे घेण्याचा मोह होतो. परंतु जास्त आवळल्याने धातूत ताण साठतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तो घातक ठरतो.

त्याचा प्रत्यय हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्कराला आला. पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेल्या काडतुसांच्या माना, कोणी हातही न लावता, तडकत. ऋतुमानाशी संबंध दिसल्याने या दोषास 'ऋतुभेग' अशा अर्थाचे नाव पडले. पाऊस हे त्याचे एकमेव कारण नव्हते. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत तांब्याशी संयोग पावतो आणि ताणलेल्या पितळाच्या कणांमधील सीमा पोखरतो. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली याचा उलगडा केला. ताण, अमोनिया आणि ओलावा हे तिन्ही एकत्र आले की भेग पडते. यांपैकी एक काढून घेतल्यास ती टळते.

हवेतील ओलावा माणसाच्या हाती नाही. पण पितळातील ताण आहे. मान बेताने तापविली की धातूतील ताण ओसरतो. अधिक उष्णता दिल्यास पितळ पुन्हा मऊही होते. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही तिचीच खूण होय. मात्र बुडाकडील भागास आच लागता कामा नये. तेथे पितळ कठीणच असावे लागते, कारण बाराचा दाब तोच भाग सोसतो.

सारांश, कड्याची निवड केवळ मापाची बाब नाही. गोळी घट्ट धरण्यास जेवढे आवळणे आवश्यक, तेवढेच आवळावे. आणि मान वारंवार मागे उसळू लागली, तर कडे बदलण्याआधी पितळाची अवस्था तपासावी. सैनिकाच्या हातातील काडतूस ऐन वेळी निकामी न ठरणे अशा सूक्ष्म विवेकावर अवलंबून असते.