आजीला एकदा विचारून तर बघा

घरात आजी "माझं काही झालं तर…" म्हणाली की आपण लगेच म्हणतो, "अभद्र बोलू नकोस." ती गप्प बसते. मग आयसीयूच्या दारात भावंडांचं जमत नाही, कारण आजीला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. पण कागदाआधी बोलणं हवं. तिला विचारा, "शेवटी घरी राहायचंय की दवाखान्यात? व्हेंटिलेटर लावायचा का? तुझ्या वतीने कोणी ठरवायचं?"

बोलल्याने मरण लवकर येत नाही. आणि हे बोलणं चालू असताना मुलांना बाहेर पिटाळू नका.