दोन क्लब, एक खेळाडू

बास्केटबॉल म्हणजे उंच टांगलेल्या जाळीत चेंडू टाकण्याचा खेळ. एका संघाचे पाच जण मैदानात उतरतात. हा खेळ 1891 साली अमेरिकेत निघाला. आज आपण जर्मनी देशातली हकीकत पाहू.

तिथे गावोगावी खेळाचे क्लब आहेत. आपल्याकडच्या तालमींसारखीच त्यांच्यात चुरस असते. लहान क्लबात एखादा मुलगा चांगला तयार होतो. पण त्याला तोडीचे सोबती मिळत नाहीत. मोठा क्लब त्याला बोलावतो. मुलगा गेला, तर लहान क्लब पांगळा होतो. धरून ठेवला, तर मुलाचं नुकसान. मग करायचं काय?

तिथे दुहेरी परवान्याची सोय आहे. तरुण खेळाडू आपल्या क्लबात राहतो आणि दुसऱ्या क्लबाकडूनही खेळतो. 2006 साली 19 वर्षांखालच्या मुलांची देशभरची स्पर्धा सुरू झाली. तीत काही शेजारी क्लब मिळून एकच संघ उतरवतात. एरवी हेच एकमेकांना हरवायला टपलेले! आम्हांला हे फार पटते. मात्र दोन्हीकडच्या शिक्षकांनी सरावाचे दिवस आधी बसून ठरवावे लागतात. नाहीतर आज इथे, उद्या तिथे, आणि पोराच्या गुडघ्यांना विसावा नाही.