जुनी गाडी बदलताना: आरसीवर नाव कोणाचं?

मैत्रिणींनो, जुनी कार दर दोन महिन्यांनी गॅरेजात जाते, घरात माणसं वाढली, म्हणून "एखादी वापरलेली मोठी गाडी पाहू" हा विषय आपल्या कामठी तालुक्यातल्या बऱ्याच घरांत निघतो. पैसे कमी पडले की गटाचं कर्ज आठवतं. कर्ज ताईच्या नावावर निघतं, अन् गाडी कोणाच्या नावावर होते? म्हणून हा पाठ. मुद्दा एकच लक्षात ठेवा: गाडी दारात उभी राहिली म्हणजे ती आपली झाली असं नाही. आरसीवर नाव चढलं, की आपली झाली.

१. आधी जुन्या गाडीचा हिशेब

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांवरच्या गाडीला आणखी जास्त लागतात.

वहीत दोन रकाने करा. एकात गेल्या बारा महिन्यांची गॅरेजची बिलं अन् नोंदणी वाढवण्याचा खर्च लिहा. दुसऱ्यात नव्याने घ्यायच्या गाडीचा वर्षाचा हप्ता, विमा अन् सर्व्हिसिंग लिहा. पेट्रोल दोन्हीकडे धरा. पुष्कळदा जुनी गाडी आणखी दोन वर्षं दुरुस्त करून चालवणंच स्वस्त पडतं.

२. गरज किती?

महिन्यातून दोनदाच सगळं घर एका गाडीत बसत असेल, तर त्या दिवसापुरती भाड्याची गाडी परवडते का ते पाहा. रोजची गरज असेल तर आरसीवर किती सीट लिहिल्या आहेत ते वाचा. वापरलेली इको पाच सीटची असते, तशी सात सीटचीही असते. इको २०१० मध्ये अन् अर्टिगा २०१२ मध्ये बाजारात आली. म्हणजे सुरुवातीच्या इको गाड्यांची १५ वर्षं भरली, अर्टिगाचीही जवळ आली. स्वस्त मिळते म्हणून घेतली अन् लगेच नोंदणीचा खर्च अंगावर आला, असं होऊ नये.

आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माणसं नेता येत नाहीत. त्यासाठी पिवळी पाटी अन् परवाना लागतो. "रिकाम्या वेळी भाडं मारू, हप्ता निघून जाईल" हा हिशेब धरू नका. अशा वेळी अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकतात.

३. बयाणा देण्याआधी तपासायचे कागद

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बरीच माहिती दिसते.

- आरसी: मालक कितवा आहे, नोंदणी कधीपर्यंत आहे. चेसिस अन् इंजिनचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा.
- बँकेचा बोजा: कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी अन् फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बोजा उतरवावा लागतो.
- विमा अन् पीयूसी: मुदत पाहा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत.
- ई-चलान: थकलेला दंड विकणाऱ्याकडून भरून घ्या.
- गॅस किट: सीएनजी किंवा एलपीजी किटची नोंद आरसीवर हवीच. सीएनजी सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते.
- नंबरप्लेट: १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवली आहे का?
- परराज्यातली गाडी: किंमत कमी दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणावी लागते अन् महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा.

४. गाडी पाहताना

आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगा. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिसिंगच्या बिलाशी जुळवा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पूर आला, अंबाझरी परिसरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक दिसते, पण वायरिंग पुढे त्रास देतं. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाशी चिखलाचा डाग पाहा, पायाखालचं मॅटिंग उचला, सीटखालच्या नटबोल्टला गंज आहे का ते बघा.

५. कर्ज घेताना "फ्लॅट" शब्द ऐका

समजा १,५०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले. दर ९ टक्के "फ्लॅट" असेल तर व्याज ४०,५०० रुपये, हप्ता सुमारे ५,२९२. तोच ९ टक्के दर घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे ४,७७०, व्याज २१,७०० च्या आसपास. दर सारखाच ऐकू येतो, पण फरक जवळजवळ १९,००० रुपयांचा. फ्लॅट ९ म्हणजे खरं पाहता १६ टक्के. म्हणून दर विचारू नका, "एकूण किती परत करायचे?" हे विचारा. गटाच्या कर्जालाही हाच प्रश्न लावा.

६. नाव बदलणं: विकतानाही, घेतानाही

२००७ मध्ये एकाने कार विकली. ती पुढे आणखी हातांत गेली, पण आरसीवर पहिल्याचंच नाव राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला सांगितलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून जवळजवळ दोन वर्षं झाली होती, तरीही!

म्हणून जुनी गाडी विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ ने कळवा. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नाव बदलायचं असतं. विमा आपल्या नावावर करायला विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करा. "नंतर करू" म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका, थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवा अन् तसं लिहून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच करू नका.

आता आपल्या घरातली गोष्ट. गाडीसाठी गटाचं कर्ज निघालं तर हप्ता ताईच्या पासबुकात, बैठकीत उत्तर ताईलाच द्यावं लागतं. मग आरसीवरही तिचं नाव का नको? मालक होण्यासाठी गाडी चालवता यावीच लागते असं नाही, लायसन्सची अट नाही. हे मागणं भांडण नाही, हिशेब आहे. गाडी मालकाच्या नावावरच घ्यायची ठरली, तर निदान आरसीवर वारस म्हणून ताईचं नाव नोंदवा. २०२१ पासून ही सोय आहे. उद्या काही बरंवाईट झालं, तर मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नाव बदलून घेता येतं.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरातल्या प्रत्येक गाडीची आरसी कोणाच्या नावावर आहे? नोंदणी कधी संपते?
२. विकलेली एखादी गाडी अजून आपल्याच नावावर नाही ना? ॲपवर नंबर टाकून पाहा.
३. गटातून वाहनासाठी कर्ज द्यायचं असेल तर आरसीवर सदस्याचं नाव असावं, असा ठराव करायचा का?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आरसीची झेरॉक्स आणावी. आपण मिळून वाचू.