वाचते, पण समजत नाही

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. धडा घडाघडा वाचते, पण ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प. मला स्वतःला फारसं वाचता येत नाही. घरी काय करू?
– एक आई, बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : ताई, पुष्कळदा धडा नुसता पाठ झालेला असतो. आधी तेवढं तपासा. न शिकवलेल्या धड्यातली मधलीच ओळ बोट ठेवून वाचायला सांगा. अडखळली, तर जोडाक्षरांचा सराव कमी पडतोय. सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात गेलं की अर्थ निसटतो. सरळ वाचली, तर उणीव गप्पांची आहे, आणि त्या तुम्हाला येतातच!

‘काय वाचलंस?’ हा परीक्षेतला प्रश्न झाला. त्याऐवजी पान उलटण्याआधी थांबवा : आता पुढं काय होईल गं? तो असा का वागला? उत्तर घरच्या बोलीत येऊ द्या, पुस्तकी मराठीचा आग्रह नको. चुकली तर रागावू नका, ‘कुठं लिहिलंय, दाखव’ म्हणा. तीच गोष्ट तिला पुन्हा वाचावीशी वाटली, तर वाचू द्या.

पुस्तकं? माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका या वयाला सोपी जाते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोबाइलवर फुकट मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय. ते ती थोडी मोठी झाल्यावर द्या. शाळेतली गोष्टींची पुस्तकं कपाटात बंद असतील, तर गुरुजींकडे हक्काने मागा.