शेअरिंग बंद पडलं की आधी काय करू नये

छापखान्यात इतका जुना कॉम्प्युटर अजून कशाला ठेवलाय, असं बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो. पुस्तकांची अक्षरजुळणी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी सविस्तर देते. आमची जुनी पुस्तकं पेजमेकर ७ मध्ये लावलेली आहेत. त्यांतलं मराठी युनिकोडच्या आधीच्या फाँटांत आहे. तो नेमका फाँट नसेल तर पानावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं विखुरलेली दिसतात. त्याचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकशिवाय चालत नाही, लॉक लावायला प्रिंटरचं जुनं पंचवीस पिनांचं पोर्ट लागतं, आणि ही सगळी मंडळी फक्त विंडोज एक्सपीवर सुखानं नांदतात. पुनर्मुद्रणाची मागणी आली की तोच कॉम्प्युटर सुरू करायचा, पानांची पीडीएफ काढायची, ती नव्या कॉम्प्युटरवर न्यायची, तिथून पुढे प्लेट. मधला रस्ता म्हणजे शेअर केलेला एक फोल्डर.

अशी जोडी पुष्कळ ठिकाणी असते. पॅथॉलॉजी लॅबमधल्या तपासणी यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर असो की पतसंस्थेतलं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिथे काम करणाऱ्यांना हा रस्ता बंद पडला की काय होतं ते सांगायला नको.

आमचा बंद पडला तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० ची मोठी अपडेट आल्यावर. आदल्या दिवशी चालणारा फोल्डर उघडेना. दिवाळी अंकाच्या जाहिराती त्या एक्सपीवर अडकलेल्या, तेव्हा मालकांनी बाहेरून एकाला बोलावलं. त्यानं दोन्हीकडची फायरवॉल बंद केली, नव्या कॉम्प्युटरवर जुनं शेअरिंग पूर्णपणे चालू केलं, दोन्हीकडचा अख्खा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'च्या नावे 'फुल कंट्रोल' देऊन शेअर केला आणि पासवर्ड काढून टाकला. फोल्डर उघडला, अंक वेळेवर निघाला, सगळे खूश. ती मोकळीक मात्र तशीच राहिली. पुढे हिशेबाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बिल समजून कुणीतरी ईमेलची जोडपत्रं उघडली आणि त्यातून खंडणीखोर व्हायरस शिरला. त्या कॉम्प्युटरला जिथे जिथे लिहिता येत होतं तिथल्या फाइल त्यानं कुलूपबंद केल्या. लिहिता सगळीकडेच येत होतं. आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेला गावाचा इतिहास त्यात गेला. अखेरचं कागदी प्रूफ कपाटात होतं म्हणून पुस्तक वाचलं, पण त्याचं पानन् पान पुन्हा टाइप करावं लागलं. सर तोवर हयात नव्हते, त्यामुळे शंका आली तर विचारायला कुणी उरलं नव्हतं. मला त्या पुस्तकाचं अजून वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

फोल्डर उघडत नसला तर घाईनं सगळी दारं सताड उघडू नका. अडथळा बहुतेक वेळा एकाच जागी असतो आणि तो शोधता येतो. शोध तारेपासून सुरू करायचा.

लॅन कार्डाचा आणि स्विचचा दिवा पाहा. मग दोन्ही कॉम्प्युटरांवर 'आयपीकॉन्फिग' चालवून पत्ते बघा. एखाद्याचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. शेअरिंगच्या खिडकीत कितीही टिकमार्क केले तरी इथे उपयोग नाही. केबल बदला, स्विचचं पोर्ट बदला. जुन्या कॉम्प्युटरला कायमचा ठरलेला पत्ता देऊन टाकणं सगळ्यांत बरं, म्हणजे राउटर बंद-चालू झाल्यावर तो बदलत नाही. पत्ते ठीक असतील तर 'पिंग' करा, पण पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे तार तुटली असं समजू नका. फायरवॉल पिंग अडवू शकते. पिंग केल्यावर लगेच 'एआरपी -ए' चालवा. समोरच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यापुढे त्याच्या कार्डाचा क्रमांक दिसला तर तार शाबूत आहे आणि अडवणारी फायरवॉल आहे.

लहान फाइल झटकन जाते आणि फोटोंनी भरलेली मोठी फाइल रडत-अडखळत जाते, ही तक्रार जुन्या यंत्रांवर फार. कधी केबलचं क्रिंपिंग सैल झालेलं असतं. पण अनेकदा कुणीतरी पूर्वी कार्डाच्या सेटिंगमध्ये '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' असं पक्कं करून ठेवलेलं असतं आणि स्विच मात्र 'ऑटो'वर असतो. अशा वेळी समोरून ताळमेळाचा संकेत न मिळाल्यानं स्विच हाफ डुप्लेक्स धरतो, दोघं एकमेकांवर बोलत राहतात आणि डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. दोन्ही टोकं 'ऑटो'वर आणा.

तार ठीक निघाली की नावाकडे वळा. 'नेटवर्क'च्या खिडकीत कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून हताश झालेली माणसं मी खूप पाहिली. ती खिडकी म्हणजे नुसती यादी आहे. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीनं स्वतःचं नाव पुकारतो ती नव्या विंडोजमध्ये जुन्या शेअरिंगबरोबरच गेली आणि नव्या पद्धतीची पुकार एक्सपीला येत नाही. यादीत नसलेला कॉम्प्युटर पत्त्यानं सापडू शकतो. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे १९२.१६८ नं सुरू होणारा त्याचा पत्ता थेट टाइप करून पाहा. पत्त्यानं उघडलं आणि नावानं नाही, तर दोष फक्त नावाचा आहे, त्यासाठी बाकी काही उघडायची गरज नाही.

राउटर नवा घेतल्यावर शेअरिंग बंद पडलं असेल तर नव्या कॉम्प्युटरवर नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते आधी बघा. विंडोज नव्या राउटरमागचं जाळं अनोळखी मानतं आणि शेअरिंग बंद ठेवतं. त्याला 'प्रायव्हेट' केलं की काम होतं. फायरवॉल चालूच राहते, राहायलाही हवी.

यानंतर पासवर्ड. विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं तेव्हा लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात. पिन त्या कॉम्प्युटरपुरताच असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर एक्सपी प्रोफेशनलपासून पुढे विंडोज अशा खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. इथे पासवर्ड द्यायचा असतो, मर्यादा काढून टाकायची नसते. शेअरिंगसाठी वेगळं साधं खातं करा, त्याला नीट पासवर्ड द्या. पूर्वी साठवलेला चुकीचा पासवर्ड 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये बसलेला असतो, तो काढायला विसरू नका.

फोल्डर उघडतो आणि एखादीच फाइल 'अॅक्सेस डिनाइड' म्हणते, याचं कारण बहुधा वेगळं असतं. शेअरची परवानगी एक आणि ड्राइव्हवरच्या फाइलची परवानगी दुसरी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक असेल ती लागू होते. एकाच ड्राइव्हवर कट करून पेस्ट केलेली फाइल आधीच्या फोल्डरची परवानगी सोबत घेऊन येऊ शकते. तिची कॉपी काढून शेअरमध्ये ठेवली की प्रश्न मिटतो.

एक्सपीचा एक संदेश विशेष लक्षात ठेवा: आज्ञा पूर्ण करायला सर्व्हरवर पुरेसं 'स्टोरेज' नाही, असं तो सांगतो. हे वाचून लोक हार्ड डिस्क रिकामी करायला घेतात. डिस्कवर भरपूर जागा असतानाही हा संदेश येतो, कारण तो डिस्कबद्दल नसतोच. नवा अँटिव्हायरस टाकल्यावर फाइल पुरवणाऱ्या सेवेला स्मृतीतली एक राखीव जागा कमी पडते, तेव्हा तो येतो. रजिस्ट्रीमध्ये 'लॅनमॅनसर्व्हर'च्या 'पॅरामीटर्स'खाली 'आयआरपीस्टॅकसाइझ' नावाची किंमत असते. ती मुळात १५ धरलेली असते, दिसत नसेल तर तयार करावी लागते. ती तीन-तीननं वाढवत, दर वेळी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहायचं. जुनी कामं डिलीट करून यातलं काहीही सुटत नाही.

जुन्या मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपली की घड्याळ दर वेळी मागे जातं. याचा शेअरिंगशी काय संबंध, असं वाटेल. पासवर्ड तपासण्याची एनटीएलएमव्ही२ ही पद्धत वेळेची नोंद पाहते, दोन घड्याळांत फार मोठा फरक पडला तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. शिवाय आज सुधारलेल्या पानावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडते आणि तारीख पाहून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर जुनी प्रतच नवी मानतं. बॅटरी स्वस्त मिळते. आधी ती बदला.

इतकं सगळं बरोबर निघूनही फोल्डर उघडत नसेल, तर मुद्दा दोन कॉम्प्युटरांच्या बोलीचा आहे. फाइल शेअर करायच्या या बोलीला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती येते. व्हिस्टापासून दुसरी आली, विंडोज ८ पासून तिसरी. पहिल्या आवृत्तीतल्या कमजोरीवर बेतलेला 'वॉनाक्राय' १२ मे २०१७ ला जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज त्यानं विस्कळीत केलं. त्या कमजोरीवरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, आणि हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टनं तिची एक्सपीसाठीची प्रतही सर्वांना खुली केली, एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपलेला असूनही. तुमच्या एक्सपीवर ती बसवलेली नसेल तर बसवून घ्या. २०१७ च्याच ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मुळात बंद असते, किंवा काही दिवस वापरली नाही तर आपोआप काढली जाते. आमचा फोल्डर बंद पडला तो याच कारणानं.

ती पुन्हा चालू करता येते. पण ती चालू करायच्या खिडकीत तिचे 'क्लायंट' आणि 'सर्व्हर' असे वेगळे भाग असतात. नव्या कॉम्प्युटरवरून एक्सपीतली फाइल उचलायला 'क्लायंट' पुरतो. 'सर्व्हर' चालू केलात तर नवा कॉम्प्युटरही त्या जुन्या बोलीत सगळ्यांचं ऐकायला बसतो, आणि वॉनाक्राय शिरला तो याच बाजूनं. एका रात्रीत काम काढायचंच असेल तर पेन ड्राइव्ह वापरा, नव्या कॉम्प्युटरवर घातल्या घातल्या तो तपासून घ्या.

आम्ही शेवटी जे केलं ते टिकलं आहे. एक पडून असलेला कॉम्प्युटर घेतला, त्यात दोन लॅन कार्डं घातली आणि लिनक्सवर सांबा हे फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर बसवलं. एका कार्डाला फक्त एक्सपी, दुसऱ्याला बाकीचं ऑफिस. एक्सपीला इंटरनेट नाही, बाकी कॉम्प्युटरांचा रस्ताही नाही. सांबाच्या ४.११ आवृत्तीपासून पहिली एसएमबी मुळात बंद असते, म्हणून तिथे किमान आवृत्ती 'एनटी१' करावी लागली. नवे कॉम्प्युटर आपणहून वरचीच आवृत्ती वापरतात. एक्सपी पासवर्ड जुन्या कच्च्या पद्धतीनं पाठवतो, सांबा ते नाकारतं. एक्सपीच्या सुरक्षा धोरणात 'फक्त एनटीएलएमव्ही२' ठरवलं की जमतं. दोन फोल्डर ठेवले आहेत: जावक आणि आवक. जावकमध्ये एक्सपी पीडीएफ टाकतो, बाकीच्यांना ती फक्त वाचता येते. आवकमध्ये ऑफिस फोटो टाकतं, एक्सपी फक्त वाचतो. हिशेबाच्या टेबलावर पुन्हा काही शिरलं तरी त्याला जावकमधलं अक्षरही बदलता येणार नाही. बॅकअपची डिस्क कॉपी होईपर्यंतच जोडलेली असते, नंतर काढून कपाटात.

कुणाकडे एक्सपीच्या जागी पासवर्डाशिवाय चालणारी जुनी नेटवर्क डिस्क असेल, तर त्यांना २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हाच त्रास होतो. ती प्रो आवृत्तीत पाहुण्याच्या नावानं केलेला प्रवेश नाकारते आणि प्रत्येक संदेशावर सही मागते. डिस्कवर खातं आणि पासवर्ड करा, तिचं फर्मवेअर अद्ययावत करा. सही करणं तिला जमतच नसेल तर तिच्यातला माल दुसरीकडे हलवा.

एक्सपीही असाच रिकामा करत आणायचा आहे. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या' हमखास बिघडतो, म्हणून प्रत्येक पुस्तकाचं प्रूफ नव्यानं वाचावं लागतं. ज्यांची पुनर्मुद्रणं येण्यासारखी आहेत ती पुस्तकं आम्ही आधी घेतली आहेत. गावाचा इतिहास पुन्हा टाइप करताना थेट युनिकोडमध्येच केला, त्याच्यासाठी आता त्या कॉम्प्युटरची गरज उरलेली नाही.