छत, छप्पर की गच्ची?

प्रश्न : नातवाने निबंधात ‘छतावर पतंग उडवला’ असं लिहिलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : हिंदीत बरोबर, मराठीत पतंग गच्चीवरच उडवावा. खोलीत उताणं पडल्यावर वर दिसतं ते छत. पंखा त्याला टांगतात. छप्पर सहसा उतरतं असतं, कौलांचं, पत्र्याचं किंवा गवताचं. गवताचं असेल तर पावसाळ्याआधी ते शाकारतात. मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर मात्र मातीचं सपाट माळवद असे. त्यावर धान्य वाळत घालायचं, उन्हाळ्यात झोपायचं. ‘माळवद’ हा सुंदर शब्द नातवाला जरूर सांगा.

छतावरून आठवलं : छत्र आणि छत्री हे शब्द ‘छद्’, म्हणजे झाकणे, या संस्कृत धातूतून आले. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराज छत्रपती झाले, त्या पदवीतही हेच छत्र आहे. वडील गेले की आपण पितृछत्र हरपलं म्हणतो, आणि घर गेलं की डोक्यावरचं छप्पर गेलं.