वाचलें तें समजलें काय?

विद्यार्थिमित्रहो, "खालील उतारा वाचून प्रश्नांचीं उत्तरें लिहा," ही आज्ञा प्रश्नपत्रिकेंत दिसतांच तुमच्यापैकीं पुष्कळजण प्रश्नांतील एखादा शब्द उताऱ्यांत हुडकतात आणि तो जेथें सांपडेल तें वाक्य जसेंच्या तसें उतरून मोकळे होतात. कधीं गुण मिळतातहि. पण अर्थ कळला असें त्यावरून म्हणतां येत नाहीं.

पुढील वाक्य पाहा. "अतिवृष्टीनें पीक गेलेल्या गणूला सावकारानें दिलेलें धान्य त्याच्या भावानें परत केलें." मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या अखेरीस येतें, म्हणून लांब वाक्य अडलें कीं प्रथम शेवटाकडे जावें. काय झालें? परत केलें. कोणीं? भावानें. काय? धान्य. कोणतें? सावकारानें गणूला दिलेलें. एवढ्यानें वाक्याचा सांगाडा हातीं येतो. पण "त्याच्या" म्हणजे कोणाच्या, गणूच्या कीं सावकाराच्या? येथें व्याकरण मुकें होतें. "पोतें सावकाराच्या ओट्यावर टाकून, 'दादा, आतां आपण मोकळे' असें म्हणत तो गणूजवळ बसला," असें पुढें आलें म्हणजे भाऊ गणूचा, हें उघड होतें. सर्वनाम दिसेल तेथें हा प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या. अनोळखी शब्दासाठीं मात्र परिच्छेद संपेपर्यंत थांबावें. पुष्कळदां पुढचें वाक्यच त्याचा अर्थ सांगतें. (ही कोश न उघडण्याची सबब नव्हे!)

आतां पालकांस एक विनंति. "दहा वेळां वाच" असें मुलांस बजावण्यापूर्वीं रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग ध्यानांत घ्यावा. त्यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस सूर्य व सागरी पाणमांजर यांविषयींचे छोटे उतारे दिले. एक उतारा दुसऱ्यांदा वाचावयास लावला. दुसरा न पाहतां, आठवेल तसा लिहावयास सांगितलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचलेला उतारा शेंकडा ८१ आठवला, लिहिलेला ७५. आठवड्यानंतर परीक्षा घेतलेल्या गटांत मात्र वाचलेला ४२ आणि लिहिलेला ५६!

म्हणून आदल्या रात्रीं धडा घडघडा वाचणारें मूल पाहून जें समाधान वाटतें तें फसवें असूं शकतें. पुस्तक मिटवून "काय वाचलेंस तें तुझ्या शब्दांत सांग पाहूं," असें विचारावें. ज्या आईस अक्षरओळख नाहीं तिलाहि हें करतां येतें. मूल कोठें अडखळतें हें ऐकणारास पुस्तकावांचून कळतें. अडखळेल तेवढ्यापुरतेंच पुस्तक पुन्हां उघडूं द्यावें.